औषधांची खतावणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जळगावच्या पेठेतून एक चक्कर मारावी. दुकानोदुकानी पाट मांडलेले, पाटावर नव्या वह्या, वह्यांवर हळदकुंकू. सराफाच्या वहीत गुंजेगुंजेचा हिशेब, केळीच्या व्यापाऱ्याच्या वहीत गाडीगाडीचा. त्याआधीच धनत्रयोदशी होऊन गेलेली असते आणि त्या दिवशी धन्वंतरीलाही आपण हात जोडलेले असतात. पण वाचकहो, वर्षभर आपल्या पोटात ज्या गोळ्या गेल्या त्यांची खतावणी आपल्यापैकी किती जणांच्या घरी आहे?

वही नसते, पिशवी असते. मेडिकलवाल्याने दिलेली, कपाटाच्या खुंटीला अडकवलेली. तिच्यात अर्ध्या संपलेल्या पट्ट्या, घडी पडून फाटलेल्या चिठ्ठ्या, मागच्या पावसाळ्यातले खोकल्याचे औषध आणि कशावरची ते कुणालाच न आठवणारी एक पिवळी गोळी.

मेहरूणमधल्या सत्तरीच्या एखाद्या आजी डोळ्यांसमोर आणा. नाव कशाला हवे? अशा आजी गल्लीगल्लीत आहेत. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी दिलेली आहे. साखरेची गोळी घरच्या डॉक्टरांची. थंडी पडू लागली, गुडघे कुरकुरू लागले, म्हणून त्या तिसऱ्याच डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी विचारले, "आजी, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" आजी म्हणाल्या, "एक पांढरी आहे भाऊ, अन् एक लहानशी." डॉक्टरांनी गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक लिहिले. सून घराजवळच्या मेडिकलवर गेली आणि गोळ्या घेऊन आली.

यात चूक कुणाची? म्हटले तर कुणाचीच नाही. हृदयवाल्यांनी हृदय पाहिले, गुडघेवाल्यांनी गुडघे पाहिले, दुकानदाराने चिठ्ठी पाहिली. सबंध आजी मात्र कुणीच पाहिल्या नाहीत. वॉरफेरिनवर अशी वेदनाशामक गोळी पडली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. पॅरासिटामोलची गोष्ट त्याहून साधी. तापाच्या गोळीत ते असते, सर्दीच्या कित्येक गोळ्यांतही असते. दोन निराळी नावे, दोन निराळे रंग. रोगी बिचारा दोन औषधे म्हणून एकच औषध दुप्पट घेतो.

नोंदी होत नाहीत असे नाही. अनुसूची एच-१ नावाची एक यादी आहे. तिच्यात काही प्रतिजैविके, क्षयाची औषधे, झोपेच्या काही गोळ्या येतात. १ मार्च २०१४ पासून ही औषधे देताना दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहावे आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. २०१५ च्या औषधव्यवसाय विनियमांनी तर फार्मासिस्टला रोग्याच्या नोंदी पाच वर्षे ठेवायला सांगितले. म्हणजे वह्या आहेत. पण एच-१ ची वही उघडली जाते ती औषध निरीक्षक आले म्हणजे. आजींच्या डॉक्टरांपर्यंत तिचे पान पोहोचत नाही.

ते पोहोचावे म्हणून आता एक खटपट चालू आहे. आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले ते २७ सप्टेंबर २०२१ रोजी. त्यात 'आभा' नावाचा चौदा आकडी क्रमांक मिळतो. तो घ्यायचा की नाही ही ज्याची त्याची मर्जी. रोग्याचे कागद एकाच मोठ्या कोठारात नेऊन ओतायचे, अशी ही कल्पना नाही. ज्या दवाखान्यात नोंद झाली, तिथेच ती राहते. दुसऱ्या डॉक्टरांना ती पाहायची असेल तर त्यांनी रोग्याकडे मागणी करायची. रोग्याने कोणती नोंद, कशासाठी, किती दिवसांपुरती हे ठरवून होकार द्यायचा, आणि मन बदलले तर तो परतही घ्यायचा. बँकेच्या लॉकरची किल्ली आपल्याच कनवटीला राहावी, तसे.

हा होकार म्हणजे नुसती औपचारिकता नव्हे, हे हॉलंडच्या लोकांनी एकदा दाखवून दिले. तिथल्या सरकारने रोग्यांच्या नोंदी देशभर जोडण्याचा कायदा आणला. २०११ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या वरिष्ठ सभागृहाने तो एकमताने फेटाळला. लोकांच्या खाजगीपणाची काळजी हे त्याचे एक मोठे कारण. पुढे २०१३ पासून, रोग्याने आधी 'हो' म्हटले तरच त्याच्या औषधांची माहिती डॉक्टर आणि औषधविक्रेते यांनी एकमेकांना द्यावी, अशा रीतीने ते काम पुन्हा मांडले गेले.

आपल्याकडे तर ही काळजी अधिकच हवी. गोळीच्या नावावरून रोग ओळखता येतो, आणि रोगावरून माणसे माणसाला जोखतात. लग्न जमवताना मुलीच्या मनाच्या आजाराची गोळी चार घरी कळली तर पुढे काय होते, हे सांगायला नको. म्हणूनच २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रोग्याच्या संमतीला महत्त्व दिले आणि त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेला. क्षयाची गोष्ट वेगळी. तो पसरणारा रोग, म्हणून २०१८ च्या अधिसूचनेने औषध दुकानदारालाही त्याची खबर सरकारी यंत्रणेला द्यायला लावली. तिथे संमतीची वाट पाहिली जात नाही. पण ती खबर रोग्याच्या उपचारासाठी आहे, शेजाऱ्यांसाठी नव्हे, हे काउंटरवर उभ्या असलेल्या पोऱ्यालाही समजले पाहिजे.

खरी मेख आहे ती होकार कसा घेतला जातो इथे. मोबाइलवर सहा आकडे येतात, नातू ते वाचून दाखवतो, दुकानातला मुलगा ते टिपतो आणि संपले! आजींनी कशाला हो म्हटले, हे आजींना ठाऊक नाही. याला होकार म्हणायचे तर कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यालाही करार म्हणावे लागेल. खानदेशाने सावकारी पाहिलेली आहे. त्या अंगठ्याची किंमत इथे निराळी सांगायला नको. होकार मागायचा तर आजींच्या बोलीत मागावा : "तुमच्या गोळ्या गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवू का? एवढ्या महिन्यापुरत्याच. नको म्हणालात तरी औषध मिळेलच." हे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. नकार दिला म्हणून गोळी अडणार असेल, तर तो होकार नव्हे, धाक आहे.

सगळी दुकाने आणि दवाखाने जोडले जाईपर्यंत आपण हात जोडून बसावे असेही नाही. यंदा वह्यांच्या खरेदीत आणखी एक दहा-वीस रुपयांची वही घ्या. पहिल्या पानावर कोणते औषध सोसत नाही ते लिहा. पुढे प्रत्येक गोळीचे पट्टीवरचे नाव, त्याखाली बारीक छापलेले मूळ औषधाचे नाव, किती वेळा, कुणी दिली आणि केव्हा बंद केली. आयुर्वेदाचे चूर्ण असले तरी लिहा; तेही पोटातच जाते. डॉक्टरांकडे जाताना ती न्या, मेडिकलवरही न्या. कुणाला दाखवायची आणि कुणासमोर मिटायची, हे मात्र जिची वही तिनेच ठरवायचे. सुनेने नव्हे, मुलानेही नव्हे.