यंत्रे आली, जुन्या आज्ञावल्या कुठे आहेत?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी हवामानासाठीच्या दोन महासंगणकांचे लोकार्पण झाले. ‘अर्का’ पुण्यात, ‘अरुणिका’ नोएडात. खर्च ८५० कोटी रुपये. सिल्लोड तालुक्यात मका-कपाशीची लावणी पावसाच्या भरवशावर ठरते, तेव्हा इथल्या शेतकऱ्याचाही या खर्चाशी संबंध आहेच. पण या नव्या यंत्रांवर चालणाऱ्या हवामान-प्रारूपांचा मोठा भाग अजूनही फोरट्रान या १९५७ सालच्या भाषेत लिहिलेला असतो. यंत्र काही वर्षांत जुने होते. त्यावरचे गणित मात्र वारशाने येते. हा वारसा आपण कसा सांभाळला?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली ‘सीडीसी ३६००’ हा अवाढव्य संगणक आला आणि देशातल्या संशोधकांना फोरट्रानची खरी ओळख झाली. कार्डांना छिद्रे पाडून आज्ञावली लिहायची, गठ्ठा यंत्राला द्यायचा, उत्तराची वाट पाहायची. समीकरणे सोडवण्याची रीत दर वेळी नव्याने लिहावी लागत नसे. त्यासाठी तयार उपआज्ञावल्यांचे संग्रह असत. आयबीएमचे ‘सायंटिफिक सबरूटीन पॅकेज’, ब्रिटनमधले हार्वेल आणि नॅग हे त्यांतले नामवंत. प्रबंधात त्यांचा उल्लेख फार तर एका ओळीचा.

ती एक ओळ किती महागात पडू शकते, याचे उदाहरण म्हणजे आयबीएमच्या संग्रहातली ‘रँडू’. यदृच्छ संख्या काढण्याची ही रीत अगदी सोपी: आधीच्या संख्येला ६५५३९ ने गुणायचे, २ च्या ३१व्या घाताने भागायचे, बाकी उरेल ती पुढची संख्या. १९६८ मध्ये जॉर्ज मार्साग्लिया यांनी या जातीच्या रीतींतला दोष दाखवला. लागोपाठच्या तीन संख्यांनी अवकाशातला एक बिंदू ठरवत गेले, तर बिंदू सर्वत्र विखुरत नाहीत. ते मोजक्या सपाट प्रतलांवर गोळा होतात. रँडूची अशी प्रतले फक्त १५! तरीही रँडू पुढे कितीतरी वर्षे वापरात राहिली. आता त्या काळातल्या एखाद्या प्रबंधाचा निष्कर्ष निसर्गाचा की रँडूचा, हे तपासायचे तर मूळ आज्ञावली हाती हवी.

ती मिळणे सोपे नाही. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला, तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसीकडे आली, पुढे यंत्रेच मोडीत निघाली. यंत्र गेले की त्याची चुंबकीय फीत वाचणारे दुसरे सापडत नाही. परदेशात थोडी दूरदृष्टी होती. अमेरिकेतल्या एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने १९६० पासून अशा रीती नियतकालिकात छापल्या, सुरुवातीला अल्गोल भाषेत. १९८५ पासून ‘नेटलिब’ने त्या सर्वांना खुल्या केल्या. गंमत अशी की आयबीएमच्या संग्रहाची मूळ आज्ञावली त्याच्या माहितीपुस्तकातच ओळीनओळ छापलेली होती. फीत कुजली तरी कागदावरून पुन्हा टंकता येते. म्हणून शोध घ्यायचा तो विभागांच्या बंद कपाटांत आणि निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यांवर, रद्दीवाला पोहोचण्याआधी.

सिल्लोडवरून अजिंठ्याला जाणाऱ्यांना प्रतींचे मोल वेगळे सांगायला नको. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या तिथल्या चित्रांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून त्या पुन्हा करून घेतल्या. त्यातल्याही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. मूळ चित्रे भिंतींवर होती म्हणून दुसऱ्यांदा सुरुवात तरी करता आली. आज्ञावलीला अशी भिंत नसते.

आणि हे जपायला महासंगणक लागत नाही. दोन हजार कार्डांच्या खोक्यात जास्तीत जास्त एक लाख साठ हजार अक्षरे मावतात. मोबाइलमधल्या एका छायाचित्राला याहून जास्त जागा लागते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी साठ-सत्तरच्या दशकांतले विज्ञानाचे प्रबंध काढून कोणत्या संग्रहाचा उल्लेख कुठे आहे, याची यादी तरी या वर्षात करावी. ज्यांनी ती कार्डे स्वतः छिद्रित केली, त्यांतले काहीजण अजून उत्तर द्यायला आहेत.