श्वासातील अडीचशे पदार्थ

मधुमेह हाताबाहेर गेलेल्या रुग्णाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. तो असतो अ‍ॅसिटोनचा. यकृत निकामी होऊ लागले की श्वासाला निराळाच कुबट वास येतो. जुन्या पिढीतील डॉक्टर नाकाने एवढे ओळखत असत. पण नाकाला जाणवत नाही असेही पुष्कळ काही उच्छ्वासातून बाहेर पडत असते, आणि ते मोजण्याचा मार्ग १९७१ साली ज्यांनी दाखवला ते रसायनशास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेचे लायनस पॉलिंग.

पॉलिंग यांना दोन नोबेल पारितोषिके मिळाली. १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे. दोन्ही वेळा पारितोषिकात दुसरा भागीदार नव्हता, आणि असा मान अन्य कोणाच्याही वाट्याला आलेला नाही. अणुचाचण्या थांबाव्यात म्हणून जगभरच्या नऊ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्या घेऊन त्यांनी १९५८ साली संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन दिले, ही कथा अनेकांनी वाचलेली असेल. श्वासाशी त्यांचा जडलेला संबंध मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि तो त्यांच्या घरातील दुःखापर्यंत जाऊन पोहोचतो.

वडील औषधविक्रेते होते. लायनस नऊ वर्षांचे असताना ते वारले. आईला पर्निशियस अ‍ॅनिमिया नावाचा पंडुरोग जडला. त्यात रक्ताबरोबर मनही ढासळते. १९२६ साली ती मनोरुग्णालयात वारली, तेव्हा हा पंचवीस वर्षांचा मुलगा शिष्यवृत्तीवर युरोपात होता. त्याच वर्षी बोस्टनच्या मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवून दिले की, यकृताचा आहार दिला तर हे रुग्ण वाचतात. या रोगाच्या मुळाशी ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असते, हे पुढे स्पष्ट झाले. एका जीवनसत्त्वाच्या अभावी माणसाचे मन बिघडते, ही गोष्ट पॉलिंग यांच्यासाठी केवळ पुस्तकातली नव्हती.

१९३६ साली त्यांनी हिमोग्लोबिनच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास केला. प्राणवायू धरलेले आणि सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकाजवळ निरनिराळे वागते, असे त्यांना आढळले. प्राणवायू स्वतः चुंबकाकडे ओढला जातो, हवेतील इतर वायू जवळजवळ नाहीत. या साध्या भेदावर त्यांनी १९४० साली प्राणवायू मोजणारे उपकरण रचले. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये क्वार्ट्झच्या तंतूवर टांगलेली काचेची चिमुकली डंबेल प्राणवायूच्या प्रमाणानुसार किंचित वळे. गरज होती पाणबुड्यांची. पुढे तेच यंत्र अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या काचपेटीशी गेले. तेथे प्राणवायू कमी पडला तर जीव जाण्याचे भय आणि जास्त झाला तर दृष्टी जाण्याचे. युद्धासाठी घडवलेल्या उपकरणाला याहून चांगले घर कोणते मिळणार!

१९४९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले की, सिकलसेल हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे होतो. रोगाचे मूळ एका रेणूत सापडण्याची ही पहिलीच वेळ. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पाड्यांत हा आजार आजही घरोघरी दुःख देतो. त्याच्या निदानासाठी विद्युत्क्षेत्रात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्याची जी तपासणी होते, तिचे मूळ पॉलिंग यांच्या त्या प्रयोगात आहे.

मधल्या काळात, १९४१ साली, त्यांना स्वतःला मूत्रपिंडाचा गंभीर विकार झाला. त्या वेळी त्यावर खात्रीचे औषध नव्हते. डॉ. थॉमस अ‍ॅडिस यांनी प्रथिने कमी केली, मीठ वर्ज्य केले, भरपूर पाणी प्यायला लावले. पॉलिंग बरे झाले, आणि आहाराच्या सामर्थ्यावरील त्यांची श्रद्धा तेथून बळावली असावी.

१९६८ साली त्यांनी मांडले की, काही मानसिक विकार हे त्या त्या व्यक्तीच्या मेंदूला लागणारे रेणू पुरेसे न मिळाल्याने होतात. मग कोणाला काय कमी पडते हे ओळखायचे कसे? त्यासाठी श्वास आणि लघवीची वाफ तपासायची असे ठरले. आर्थर रॉबिन्सन, रॉय तेरानिशी आणि पॉल केरी हे त्या कामातील सहकारी. उच्छ्वास अतिशय थंड केलेल्या नळीतून न्यायचा, म्हणजे त्यातील बाष्पशील पदार्थ गोठून राहतात. नंतर ते तापवून गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांबलचक नळीत सोडायचे. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडतो आणि कागदावर एकेक शिखर उमटते. श्वासात अशी सुमारे २५० शिखरे मिळाली, लघवीच्या वाफेत २८०. त्यांपैकी बहुतेकांना नाव देता आले नव्हते. यातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट मला आहाराची वाटते. खाल्लेले अन्न आणि आतड्यांतील जंतू यांमुळे श्वास सतत बदलतो. म्हणून त्यांनी प्रयोगातील माणसांना ठरावीक साध्या रेणूंचाच आहार दिला. तेव्हा कुठे एकाच व्यक्तीचे आलेख पुन्हा पुन्हा सारखे येऊ लागले.

एवढा सावध मोजणारा माणूस क जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र सावध राहिला नाही. मोठ्या मात्रेने कर्करोग हटतो, असे ते सांगत राहिले. मेयो क्लिनिकच्या १९७९ आणि १९८५ च्या चाचण्यांत तसा लाभ दिसला नाही, तरी त्यांनी मत बदलले नाही. श्वासाच्या प्रयोगातील सहकारी रॉबिन्सन यांनी उंदरांवर प्रयोग केले. काही मात्रांत त्वचेचा कर्करोग उलट वाढतो, असे संकेत त्यांना मिळाले. १९७८ मध्ये दोघांचे संबंध तुटले आणि प्रकरण न्यायालयात गेले. आईच्या आजाराची आणि स्वतःच्या बरे होण्याची आठवण आलेखांहून बलवत्तर ठरली, असे मला वाटते. हा दोष त्यांच्या थोरवीपुढे झाकून ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

व्हिटॅमिनचा दावा असा मागे पडला, पण मोजण्याची रीत राहिली. आज जठरातील हेलिकोबॅक्टर जंतू ओळखण्यासाठी खास कार्बन घातलेला युरिया पाजून श्वास तपासतात. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकांना आलेली सूज उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइडवरून कळते. दोन्ही तपासण्या एकेकच पदार्थ शोधतात. अनेक शिखरे एकत्र वाचून कर्करोगासारखा रोग वेळीच ओळखावा, ही मोठी आशा अजून प्रयोगशाळांत अडखळते आहे, कारण श्वासाबरोबर खोलीतील हवा येते, धूम्रपान येते, सकाळचा नाश्ताही येतो. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने कोविडच्या श्वास-चाचणीला आणीबाणीची परवानगी दिली. त्या यंत्राचा आकार प्रवासी बॅगेएवढा, आत पुन्हा तोच गॅस क्रोमॅटोग्राफ, आणि ते पाच पदार्थ शोधून तीन मिनिटांच्या आत निकाल देते.