शिव्या पुण्यालाच का?

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक युबिसॉफ्टने जानेवारी 2026 मध्ये रद्द केला. नवीन जालन्यातल्या आमच्या ग्रुपवर दहा मिनिटांत निकालही लागला : "आधी पुण्याच्या पोरांना दिला होता ना, मग बुडणारच."

मला हा निकाल मान्य नाही.

सप्टेंबर 2020 मध्ये रिमेक जाहीर झाला, तेव्हा काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं. ट्रेलरमधल्या ग्राफिक्सची जगभर टिंगल झाली. ग्राफिक्स जुनाट होतेच, त्यावर वाद नाही. पण मे 2022 मध्ये काम मॉन्ट्रिअलला गेलं. 2003 चा मूळ गेम बनवणारा स्टुडिओ तोच. साडेतीन वर्षं उलटली, तरी गेम आला नाही. रिमेकसोबत कंपनीने आणखी पाच गेम रद्द केले. तेही पुण्याच्याच माथी मारायचे का?

जालना बियाण्यांचं गाव. बी उगवलं नाही तर शेतकरी कंपनीला जाब विचारतो, पाकिटं भरणाऱ्या बाईला नाही. गेमचं नाव निघालं की ही अक्कल कुठे जाते? गेम रद्द करायचा निर्णय फ्रान्समधल्या कंपनीचा. तिला प्रश्न विचारायचे सोडून आपण आपल्याच माणसांवर मीम बनवतो.

उद्या आपल्या गल्लीतलं एखादं पोर गेम डिझाइन शिकायला पुण्याला जाईल. त्याच्या कामाला नावं जरूर ठेवा. पण काम बघून ठेवा, गाव बघून नको.