बोल्ट-अ‍ॅक्शन की सेमी-ऑटोमॅटिक: खरा नेम कुणाचा?

बीजीएमआय खेळणाऱ्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. एडब्ल्यूएम घेतली की प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. एसकेएस असेल तर चाप दाबत राहायचं, पुढची गोळी आपोआप तयार. गेममधली ही निवड आपल्या लष्करानेही केली आहे, आणि तिथे चूक झाली तर ‘रीस्टार्ट’ नसतो.

भारतीय लष्कराच्या स्नायपरकडे अनेक वर्षं रशियन बनावटीची ड्रॅगुनोव्ह होती. ती सेमी-ऑटोमॅटिक. २०२२ मध्ये नियंत्रण रेषेवरच्या स्नायपरना फिनलंडची साको टीआरजी-४२ मिळाल्याची बातमी आली. ती बोल्ट-अ‍ॅक्शन. लगेच रील्सवर निकाल लागला: सेमी-ऑटोमॅटिकचा नेम कच्चाच असतो! मला हा निकाल अर्धवट वाटतो.

आत नेमकं काय होतं?

लोक म्हणतात, सेमी-ऑटोमध्ये भाग हलतात म्हणून नेम चुकतो. पण गोळी एक-दोन मिलिसेकंदांत नळीबाहेर पडते. बोल्ट मागे सरकून रिकामी पुंगळी बाहेर फेकतो तो त्यानंतर. खरा फरक वेगळाच आहे. ड्रॅगुनोव्हसारख्या रायफलमध्ये नळीला भोक पाडून थोडा गॅस बाजूला घेतात आणि त्यावर यंत्रणा चालवतात. हा जोड नळीला चिकटलेला असल्याने गोळी सुटताना नळी थरथरते त्यावर परिणाम होतो. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये ही भानगडच नाही. भाग कमी, काडतूस दरवेळी तसंच घट्ट बसतं. अचूकता म्हणजे शेवटी प्रत्येक वेळी तेच तसंच घडणं.

आकड्यांत बघू

नेम मोजायचं एकक म्हणजे एमओए, एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर १ एमओए म्हणजे साधारण २.९ सेंटिमीटरचा पसारा. ८०० मीटरवर तोच २३ सेंटिमीटर होतो आणि १,५०० मीटरवर ४४. म्हणजे जवळच्या नेमात न दिसणारा फरक लांबवर माणसाच्या खांद्यांएवढा होतो.

मग तुलना चुकते कुठे?

ड्रॅगुनोव्ह १९६३ ची. तुकडीबरोबर पळणाऱ्या नेमबाजासाठी बनवलेली, पल्ला ८०० मीटरच्या आसपास. टीआरजी-४२ मध्ये .३३८ लापुआ मॅग्नम हे मोठं काडतूस असतं आणि पल्ला सुमारे १,५०० मीटर सांगितला जातो. काडतूस वेगळं, काळ वेगळा, काम वेगळं. मग सगळं श्रेय एकट्या बोल्टला कसं देणार? दहा वर्षं जुना फोन आणि नवा फ्लॅगशिप शेजारी ठेवून फक्त मेगापिक्सेल मोजण्यासारखंच झालं हे.

आजच्या चांगल्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली, नीट काडतुसं मिळाली तर, बोल्ट-अ‍ॅक्शनच्या खूप जवळ पोहोचतात. म्हणूनच अमेरिकन लष्कर दोन्ही ठेवतं: स्नायपरसाठी बोल्ट-अ‍ॅक्शन एमके-२२, तर पायदळाच्या तुकडीतल्या नेमबाजासाठी सेमी-ऑटोमॅटिक एम११०ए१. पहिलीच गोळी लांबवर लागायला हवी असेल तर बोल्ट. लगेच दुसरी मारावी लागणार असेल तर सेमी-ऑटो.

आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. त्या प्रकारात प्रत्येक गोळी हातानेच भरावी लागते. तिथे घाई नाही, एकसारखेपणा हवा.

माझं मत सांगतो. बोल्ट-अ‍ॅक्शन आजही थोडी पुढे आहे, शिवाय तेवढीच अचूकता कमी गुंतागुंतीत देते. पण नवी रायफल घेऊन काम संपत नाही. त्या दर्जाची काडतुसं, चांगले स्कोप आणि सरावाला पुरेशा गोळ्या सतत मिळाल्या नाहीत, तर महागडी रायफलही जुन्या ड्रॅगुनोव्हएवढीच उरेल. पुढच्या वेळी शस्त्रखरेदीची बातमी आली की रायफलच्या नावाबरोबर हेही विचारा: काडतुसं किती घेतली?