यंत्रमानव गुरुजी आणि आमचा मृदंग

यंत्रमानव वाद्य शिकवणार अशी बातमी आली की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक टाळ्या वाजवतो, दुसरा 'कलियुग आले' म्हणून मोकळा होतो. मला दोन्ही पटत नाही.

मुळात ही गोष्ट आजची नाही. जपानच्या वासेदा विद्यापीठाने १९८४ साली स्वरलिपी वाचून ऑर्गन वाजवणारा 'वाबोट-२' दाखवला. १९९० पासून तिथे बासरी वाजवणाऱ्या यंत्रमानवावर काम सुरू झाले. त्याला फुफ्फुसे, ओठ, जीभ, बोटे सगळे दिले. पुढे नवशिक्यांचे वाजवणे ऐकून दोष सांगण्याचे कामही त्याच्याकडून करवून पाहिले. चांगले आहे की! यंत्र थकत नाही, चिडत नाही, शंभराव्या चुकीलाही छडी उगारत नाही. आम्हा मास्तर लोकांपेक्षा एवढा गुण जास्तच म्हणायचा.

पण आता आमच्या हिंगोली जिल्ह्यात या. नर्सी हे संत नामदेवांचे गाव. या भागात पोर मृदंग शिकते ते भजनात बसून. आधी बोल तोंडाने म्हणायचे, मग हातातून काढायचे. डाव्या पुडीला कणीक किती लावायची, पावसाळ्यात पुडी उतरली की गठ्ठे किती ठोकायचे, हे शेजारी बसलेल्या माणसाचा हात पाहूनच कळते. आणि ताल चुकला नाही म्हणजे साथ झाली असेही नाही. कीर्तनकार मध्येच थांबतो, दृष्टांतात शिरतो, एकदम अभंगाचे चरण उचलतो. मृदंग्याची नजर त्याच्या चेहऱ्यावर हवी. मात्रा मोजणे यंत्र शिकवील, पण ही नजर कोण शिकवणार?

कोणी म्हणेल, पेटीलाही असाच विरोध झाला होता. खरे आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती अंशतः का होईना उठायला १९७१ साल उजाडले. आज पेटीवाचून आपले भजन होत नाही. पण पेटीने कोणा गुरुजींची जागा घेतली नाही, ती त्यांच्या मांडीपुढे येऊन बसली. तंबोऱ्याच्या यंत्राचेही तेच. यंत्रमानवाला मात्र आपण थेट गुरूच्या आसनावर बसवायला निघालो आहोत. भांडण तिथे आहे.

२०२४ मध्ये केरळातल्या एका शाळेत 'आयरिस' ही यंत्रशिक्षिका आली तेव्हा केवढे कौतुक झाले! पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा काय सांगतो? सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक हवेत. तुमच्या गावच्या शाळेत एकदा डोकावून पाहा, पेटी-मृदंग शिकवायला कोणी आहे का? नसेल तर अडचण यंत्राच्या अभावाची नाही, माणसाला मानधन द्यायला हात आखडण्याची आहे. आणि खेड्यात शिकवू शकणारे मृदंगी आजही आहेत. शेती-मजुरी सांभाळून ते रात्री भजनाला बसतात.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. आधी त्यांना शाळेत बोलवा, चार पैसे द्या. त्यानंतर यंत्रमानव आणायचा तर खुशाल आणा. तो पोरांच्या मात्रा मोजील, आणि गुरुजी पोरांकडे पाहतील.