एकशिक्षकी शाळेचे दप्तर आणि आयर्लंडचा इतिहास

१/ आयर्लंडचा इतिहास केवळ डब्लिनच्या दफ्तरखान्यांत शोधणारा अभ्यासक त्याच्या मोठ्या भागाला मुकतो. तो भाग खेड्यांतील एक-दोन खोल्यांच्या प्राथमिक शाळांनी जपला आहे.

२/ १८३१ मध्ये ब्रिटिश सरकारने तेथे ‘राष्ट्रीय शाळां’ची व्यवस्था सुरू केली. अभ्यासक्रमात आयरिश भाषेला प्रारंभी स्थानच नव्हते. शाळा मात्र गावाच्या आधारावर चाले: वर्गातील शेगडीसाठी मुले घरूनच पीटची वाळलेली ढेप काखेत घेऊन येत.

३/ स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या योजनेत सुमारे ५,००० शाळांतील ५०,००० मुलांनी घरातील व शेजारच्या वृद्धांच्या आठवणी लिहून काढल्या. त्यांत महादुष्काळ होता, घरगुती औषधे होती, पवित्र विहिरी आणि खेळही होते. ज्या बाकांवर आजोबांच्या भाषेला जागा नव्हती, तेथेच नातवंडांनी आजोबांचे बोल नोंदवले.

४/ आक्षेप असा की, ही ऐकीव माहिती. तीही मुलांच्या हातची आणि शिक्षकांनी निवडलेली. सनावळीसाठी तो आक्षेप रास्तच आहे. परंतु १८४५ नंतरची उपासमार लोकांनी मनात कशी वागवली, हे सरकारी अहवाल सांगत नाहीत. या वह्या सांगतात.

५/ म्हणून पटसंख्या घटली की छोटी शाळा बंद करताना केवळ खर्चाचा हिशेब पुरेसा नाही. वृद्धांचे बोलणे आणि मुलांची लेखणी जेथे एकत्र येत, ती गावातील जागाच त्यासोबत नाहीशी होते.