‘नव्वद नंबर द्या’ म्हणण्याआधी पुस्तक उघडा

रोवणी आटोपली, केजव्हील निघाले, ट्रॅक्टर धुऊन शेडमध्ये लागला. आता महिनाभर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. माझं म्हणणं आहे, पाहायची वेळ हीच. आणि इंजिनात नाही, पुढच्या एक्सलमध्ये पाहा.

टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल म्हणजे नुसता लोखंडी बीम. ग्रीस मारलं की काम झालं. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये तिथे क्राऊन-पिनियन आहे, डिफरन्शियल आहे, दोन्ही चाकांजवळ गिअर आहेत, आणि हे सगळं तेलात फिरतं. आपण ते बांधीच्या पाण्यात बुडवून चालवतो. जंगल-डोंगरात फिरणारी जीप नाला ओलांडते तो दोन मिनिटांसाठी. चिखलणीत आपला एक्सल दिवस दिवस पाण्याखाली असतो.

पाणी आत कसं शिरतं, तेही समजून घ्या. एक म्हणजे ऑइल सील. तणस, गवत, जाळीचा दोरा चाकाच्या आतल्या बाजूला गुंडाळला जातो आणि सीलची कड कापतो. दुसरं कोणी सांगत नाही. काम करून एक्सल तापतो, आतली हवा फुगून ब्रीदरमधून बाहेर जाते. मग तोच तापलेला एक्सल थंड पाण्याच्या बांधीत उतरतो. आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर किंवा सील पाण्यात असेल तर हवेऐवजी पाणीच ओढलं जातं. म्हणून सील दिसायला चांगलं असूनही तेल ताकासारखं निघतं. लोक मग सीलवाल्याला शिव्या देतात.

तपासायला खर्च नाही. ट्रॅक्टर रात्रभर सपाट जागी उभा ठेवा. सकाळी सुरू करायच्या आधी ड्रेन प्लग थोडासाच ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली बसतं, पहिली धार पाण्याची आली तर उत्तर मिळालं. तेल दुधाळ असेल तर विचारायलाच नको. शंका असेल तर तापलेल्या जुन्या पत्र्यावर दोन थेंब टाका. तडतड झाली तर पाणी आहे. (घरच्या तव्यावर करू नका, मला ऐकून घ्यावं लागलं होतं.) असं तेल तसंच ठेवलं तर कापणीपर्यंत बेअरिंगला गंजाचे खड्डे पडतात, आणि उन्हाळी धानाच्या चिखलणीत भर कामात एक्सल बोलायला लागतो.

पुस्तकात तेल बदलायचे तास दिलेले असतात. ते तास सर्वसाधारण कामाचे. धानपट्ट्यात पुढच्या एक्सलचं तेल चिखलणीनंतर बदलावं, मीटर काहीही सांगो, असं माझं स्पष्ट मत आहे. तेल लागतं काही लिटर. एका बेअरिंगच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

आता कोणतं तेल? इथे मी स्वतः मार खाल्लेला आहे.

तीन वर्षांपूर्वी मागच्या हाउसिंगचं तेल बदलायचं होतं. दुकानात गेलो, ‘नव्वद नंबर द्या’ म्हटलं. मिळालं. मिस्त्रीने भरलं. दोन दिवसांत ब्रेक दाबला की मागून घर्रर्र आवाज, ट्रॉली भरलेली असली की अंगावर काटा. लिफ्टही सकाळी जड चालायची. मिस्त्री म्हणाला, ब्रेक प्लेटा गेल्या. प्लेटा ठीक होत्या, तेल चुकीचं होतं. चाळीस लिटर कोरं तेल काढलं, फिल्टर बदलला, पुन्हा योग्य तेल भरलं. दुकानदाराची चूक नाही, मी जे मागितलं ते त्याने दिलं.

नव्वद हा फक्त जाडीचा आकडा आहे. तेलात काय काय घातलंय ते तो सांगत नाही. गंमत म्हणजे गिअर ऑइलचं नव्वद हे इंजिन ऑइलच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच जाड असतं, दोन्हीचे मापदंड वेगळे. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरमध्ये मागे एकच तेल गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक अशी तिन्ही कामं करतं. त्याला यूटीटीओ म्हणतात. ब्रेकच्या प्लेटा तेलात राहूनही पकड घेतील असे घटक त्यात असतात. साध्या ईपी-९० मध्ये ते नसतात.

‘आमच्या बापाने आयुष्यभर नव्वदच टाकलं’ असं सांगणारे भेटतात. खरं आहे. बापाच्या ट्रॅक्टरला कोरडे ब्रेक होते, तेलाशी त्यांचा संबंधच नव्हता. सल्ला बरोबर होता, मशीन बदललं.

पुढच्या एक्सलला मात्र कुठे ८०डब्ल्यू-९० चालतं, कुठे मागचंच तेल लागतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर त्यासाठीचं वेगळं तेल. शेजाऱ्याचं पाहून भरू नका. डब्यावर जीएल-४ की जीएल-५ तेही वाचा. मोठा आकडा म्हणजे भारी तेल, असं नाही. जीएल-५ क्राऊन-पिनियनच्या जबर दाबासाठी आहे. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये ते टाकलं तर पितळी सिंक्रो रिंग नीट पकडत नाहीत, गिअर पडताना कुरकुरतो. फोर-व्हील पिकअप किंवा जीप असणाऱ्यांना तर गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा-मागचा डिफरन्शियल अशा चार जागा आहेत. ट्रान्सफर केसला काही गाड्यांत गिअर ऑइल, काहींत लाल एटीएफ.

कंपनीचाच डबा हवा का? वॉरंटीत असाल तर हो, आणि बिल जपून ठेवा. नंतर कोणत्याही चांगल्या कंपनीचा चालेल, फक्त पुस्तकात लिहिलेलं स्पेसिफिकेशन डब्यावर शब्दशः छापलेलं हवं. ‘त्याच्यासारखंच आहे’ हे उत्तर घेऊ नका.

एक राहिलं. बांधीतून निघून हायवे ५३ वर लागलात की फोर-व्हीलचा लिव्हर काढा. पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने ओढतील असंच गणित असतं. चिखलात तो फरक घसरून जातो, डांबरावर तो टायर आणि गिअरवर पडतो, तेलही फुकट तापतं.

साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या मंडळींना विनंती, तुडतुडे-खोडकिड्याच्या कार्यक्रमात अर्धा तास या विषयाला द्या. आमच्यातले बरेच जण ट्रॅक्टरचं पुस्तक पिशवीतून बाहेरच काढत नाहीत.

मी यंदा दोन डबे वेगळे ठेवलेत. एकावर पेंटने ‘पुढे’, दुसऱ्यावर ‘मागे’. काढलेलं तेल तिसऱ्यात, भंगारवाल्यासाठी. बोडीच्या काठावर ओतायचं नाही, हे ड्रायव्हरला दोनदा सांगितलंय.